गदारोळात नवरंगाची शीळ

२० जून २०२२. विधान परिषद निवडणुकीचा निकाल लागला आणि त्याच रात्री शिवसेनेचे नेते एकनाथ शिंदे आमदारांना घेऊन सुरतेला गेले. तिथून गुवाहाटी. २९ जूनला मुख्यमंत्री उद्धव ठाकरेंनी राजीनामा दिला. त्या दहा दिवसांत घरोघरी टीव्ही बंद व्हायचं नाव घेत नव्हता.

याच दिवसांत पनवेलजवळच्या कर्नाळ्यात नवरंग पक्ष्याच्या विणीचा हंगाम असतो. महामार्गालगतच्या या जंगलाला १९६८ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. आकार जेमतेम १२ चौरस किलोमीटर. पहाटे आधी दोन सुरांची शीळ ऐकू येते. मग नजर जमिनीवर ठेवायची. ओला पालापाचोळा चोचीने उलटत किडे शोधणारा पक्षी दिसतो: डोळ्यावरून गेलेली काळी पट्टी, पांढरा गळा, शेपटीखाली लालभडक. एवढं पाहायचं तर मोबाइल खिशातच राहतो, आणि शिणलेल्या डोक्याला तेवढी उसंत पुरेशी असते.

राजकारणाकडे पाठ फिरवावी, असं नाही. नागरिकांनी प्रश्न विचारलेच पाहिजेत. पण चोवीस तास तेच दळण दळून कुणाचंही मत अधिक शहाणं होत नाही.

कर्नाळ्याला जाणाऱ्यांनी दुर्बीण पावसापासून जपावी आणि उजाडताच पोचावं. दिवस वर आला की शीळ बहुधा थांबते.