धूर लागला म्हणजे मांस टिकले असे नव्हे

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत डुकराच्या फासळ्या लाकडाच्या मंद धुरावर तासन्‌तास शिजवण्याची जुनी रीत आहे. त्यासाठी आता विजेवर चालणारी पेटी, म्हणजे इलेक्ट्रिक स्मोकर मिळतो. परदेशी राहणाऱ्या नातलगांकडे ती पाहून आपणही आणावी असे वाटणे साहजिक आहे.

पेटी वाईट नाही. पण तिच्याबरोबर एक गैरसमज घरात येऊ नये असे मला वाटते. गोव्यात चुलीवर टांगलेले चोरीस बराच काळ टिकते. त्यावरून धूर लागलेले मांस टिकतेच, असे आपण धरून चालतो. वास्तविक चोरीस टिकते ते मुख्यतः मीठ, माडाच्या सुरेचे व्हिनेगर आणि सुकवणे यांमुळे. पेटीतल्या फासळ्या ओलसरच राहतात. त्या शिजल्यावर दोन तासांच्या आत खाव्यात किंवा फ्रीजमध्ये ठेवाव्यात आणि तीन-चार दिवसांत संपवाव्यात.

कृती अवघड नाही. फासळ्यांच्या आतला पातळ पापुद्रा सोलावा, मीठ-मसाला चोळावा आणि सुमारे १०७ अंश सेल्सिअसवर पाच-सहा तास ठेवावे. दार वारंवार उघडू नये. उष्णता निघून जाते.

रंगावर मात्र विसंबू नये. बाहेरून काळसर झालेले मांस आत कच्चे असू शकते, आणि नीट शिजलेलेही धुरामुळे गुलाबी दिसू शकते. मांसात खुपसायचा थर्मामीटर वापरावा; त्याचे टोक हाडाला लागू देऊ नये. आत किमान ६३ अंश उष्णता आणि नंतर तीन मिनिटे विसावा, असा अमेरिकन सरकारचा दंडक आहे. फासळ्या मऊ होण्यास ९० ते ९५ अंश लागतात.

डुकरे उकिरड्यावर फिरत असतील तर ही काळजी अधिकच घ्यावी. अर्धकच्च्या मांसातून पट्टकृमी पोटात जातो. अशा माणसाच्या विष्ठेतील अंडी अस्वच्छ हातांवाटे कोणाच्या पोटात गेली, तर मेंदूत गाठी होऊन फेफरे येऊ शकते.

अमेरिकेतील पेटी १२० व्होल्टची असते, आपली वीज २३० व्होल्टची. ती थेट जोडल्यास सुमारे चौपट शक्ती ओढते आणि आग लागू शकते. येथल्या विजेवर चालणारीच पेटी घ्यावी, अर्थिंग असलेल्या प्लगला जोडावी आणि घराबाहेर, पावसाच्या आडोशाला लावावी. धुरातला कार्बन मोनॉक्साइड बंद खोलीत जीव घेतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक ठरवले. त्यात धुरावलेले मांसही येते. तेव्हा हा पदार्थ सणासुदीपुरता ठेवावा. आणि पैसे एकाच वस्तूपुरते असतील, तर आधी थर्मामीटर घ्यावा. तो आपल्या नेहमीच्या चुलीवरही उपयोगी पडेल.