पाच मतांचा धडा

एकोणिसाव्या शतकातील इंग्रज मुत्सद्द्यांची चरित्रे वाचण्याचा प्रघात आपल्या सुशिक्षित वर्गात एके काळी फार होता. मिलचे ग्रंथ वकिलांच्या कपाटात मानाने विराजमान असत आणि ग्लॅडस्टनच्या वक्तृत्वाचे दाखले सभांतून दिले जात. तो प्रघात आज मोडला आहे, आणि त्याबद्दल आम्हांस सर्वस्वी खेदही वाटत नाही. परक्या राज्यकर्त्यांची स्तोत्रे गाणे हा स्वतंत्र राष्ट्राचा व्यवसाय नव्हे. परंतु त्या चरित्रांतील एक भाग शेंद्र्यासारख्या ठिकाणी मुद्दाम वाचण्याजोगा आहे. तो भाग म्हणजे त्यांनी लढविलेल्या निवडणुकांचा. कारण जो रोग आज आमच्या वेशीवर आहे तोच त्या देशाला जडलेला होता, आणि त्यावर त्याने जे औषध घेतले त्याची कृती आमच्या कायद्यातही उतरलेली आहे. औषध घरात असून रोगी बरा होत नाही, हाच आजचा आमचा विषय आहे.

ज्या इंग्लंडाला पार्लमेंटांची जननी म्हणतात तेथे १८७२ पर्यंत मत उघडपणे द्यावे लागे. मतदाराने अधिकाऱ्यापुढे उभे राहून उमेदवाराचे नाव मोठ्याने सांगावयाचे, आणि ते ऐकण्यास त्याचा जमीनदार, मालक व सावकार समोर हजर! मग मत कोणाचे असे? बोलणाऱ्याचे की ऐकणाऱ्याचे? धाक चालला नाही तर पैसा चाले आणि पैसा कमी पडला तर दारू वाहे. ट्रोलप या प्रसिद्ध कादंबरीकाराने १८६८ मध्ये बेव्हर्ली या गावातून उमेदवारी केली व तो सर्वांत शेवटी राहिला. पुढे चौकशी होऊन तेथील लाचलुचपत इतकी उघड झाली की पार्लमेंटने १८७० मध्ये त्या गावाचा प्रतिनिधी पाठविण्याचा हक्कच काढून घेतला. गावाने मत विकले आणि अखेर गावाचे मतच गेले.

अशा त्या बाजारात जॉन स्टुअर्ट मिलचे वर्तन पाहावे. १८६५ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या मतदारांनी त्याला उभे राहण्याची विनंती केली, तेव्हा त्याने साफ कळविले की मी पैसा खर्च करणार नाही, दारोदार मते मागणार नाही आणि निवडून आलो तर गावाची किरकोळ कामे करीत बसणार नाही. त्यातही बहुतांशी कामकऱ्यांच्या एका सभेत त्याला प्रश्न विचारण्यात आला, 'इंग्लंडातील खालचे वर्ग सामान्यतः खोटे बोलतात, असे तुम्ही लिहिले आहे काय?' मिलने क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, 'होय, लिहिले आहे.' यावर सभा खवळली नाही. तिने टाळ्यांचा कडकडाट केला! खुशामत ऐकून विटलेल्या लोकांना खरे बोलणारा मनुष्य हवाच होता. मिल निवडून आला. मात्र १८६८ मध्ये पुस्तके व वृत्तपत्रे विकणाऱ्या प्रसिद्ध पेढीचे धनी डब्ल्यू. एच. स्मिथ यांनी त्याला पाडले, हेही आम्ही लपवून ठेवीत नाही. सचोटी प्रत्येक वेळी विजयी होते असे जो सांगतो तो वाचकांना फसवितो. सचोटीने एकदा जरी विजय मिळविला तरी पुढच्यांना वाट दिसते, एवढेच खरे.

ती वाट पुढे कायद्याने रुंद केली. १८६८ मध्ये निवडणुकीच्या तक्रारी सभागृहाच्या समित्यांकडून काढून न्यायाधीशांकडे देण्यात आल्या. १८७२ मध्ये गुप्त मतदान आले. त्या पद्धतीची पहिली पोटनिवडणूक पाँटिफ्रॅक्ट गावी झाली, आणि तेथील मतपेटीवर जेष्ठमधाच्या मिठाईवर मारावयाचा शिक्का उमटवून ती बंद केली होती! मात्र खरा घाव बसला तो १८८३ च्या कायद्याने. उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा, पैसे देऊन मते मागणारे नोकर ठेवण्यास बंदी, मतदारांना वाहून नेण्यासाठी भाड्याच्या गाड्यांना बंदी, सर्व खर्च एका जबाबदार प्रतिनिधीच्या हातून आणि त्याचा हिशेब सादर करणे सक्तीचे. शिवाय प्रतिनिधीने लाच दिली तर 'मला ठाऊक नव्हते' ही उमेदवाराची सबब ऐकली जात नसे. निवडणूक रद्द होई. दुकानातील मुनिमाने केलेल्या खोट्या मापाची जबाबदारी मालकाची असते, हे तत्त्व आमच्या व्यापारी वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

या सुधारलेल्या आखाड्यात आपली माणसे उतरली, तो इतिहास तर आपला स्वतःचाच आहे. १८८५ च्या निवडणुकीपूर्वी हिंदुस्थानची गाऱ्हाणी इंग्रज मतदारांपुढे मांडण्यासाठी तीन प्रतिनिधी विलायतेस गेले. बंगालचे मनमोहन घोष, मद्रासचे रामस्वामी मुदलियार आणि मुंबईचे नारायण गणेश चंदावरकर. चंदावरकर तेव्हा अवघ्या तिशीचे होते. 'इंदुप्रकाश'च्या इंग्रजी विभागाचे संपादन त्यांनी केले होते व ते वकिलीही करीत. त्याच निवडणुकीत लालमोहन घोष डेप्टफर्डमधून उभे राहिले व पडले. पुढील वर्षी पुन्हा उभे राहिले व पुन्हा पडले.

१८८६ मध्ये दादाभाई नौरोजी हॉबर्नमधून उभे राहिले. त्यांना १,९५० व प्रतिस्पर्धी कर्नल डंकन यांना ३,६५१ मते पडली. दोन वर्षांनी त्याच जागी पोटनिवडणूक होऊन सरकारपक्षाचे मताधिक्य घटले, तेव्हा मुख्य प्रधान लॉर्ड सॉल्सबरी यांनी एडिंबरो येथे कारण दिले की मागच्या खेपेस समोर एक काळा मनुष्य होता, आणि इंग्रज मतदार अशाला निवडून देण्याइतके पुढे गेले आहेत असे मला वाटत नाही. या एका उद्गाराने दादाभाईंचे नाव इंग्लंडभर झाले. शिवीचे उत्तर दादाभाईंनी शिवीने दिले नाही. फिन्सबरी मध्यविभागात, जेथे घड्याळे करणारे कारागीर व लहान दुकानदार राहत, तेथे ते वर्षानुवर्षे सभा घेत राहिले. पक्षांतर्गत विरोधही त्यांनी सोसला. १८९२ च्या निवडणुकीत ते निवडून आले. किती मतांनी? पहिल्या मोजणीत तीन आणि फेरमोजणीत पाच!

या पाच मतांकडे वाचकांनी क्षणभर थांबून पाहावे. त्या काळी भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या पुरुषास मत हवे असेल तर वर्षभर एकाच ठिकाणी वास्तव्य आणि दरवर्षी नव्याने अर्ज, अशी अट होती. कामाच्या शोधात खोली बदलली की मत गेले. म्हणून मतदारयादीत नाव घालणे व टिकविणे हीच अर्धी निवडणूक असे. पाच कारागिरांनी अर्ज केला नसता, पाच दुकानदारांनी 'आपल्या एका मताने काय होणार' म्हणून दुकानातच बसणे पसंत केले असते, तर सॉल्सबरींचे भाकीत खरे ठरले असते आणि हिंदुस्थानचे दारिद्र्य त्या सभागृहात एका हिंदी माणसाच्या तोंडून ऐकू आले नसते. पुढच्या वर्षी सनदी नोकरीची परीक्षा हिंदुस्थानातही एकाच वेळी व्हावी असा ठराव कॉमन्स सभेत ८४ विरुद्ध ७६ मतांनी संमत झाला. सरकारने तो बासनात बांधून ठेवला, आणि हिंदुस्थानात ती परीक्षा होण्यास १९२२ उजाडले, हे खरे. परंतु मागणी रास्त आहे हे प्रतिपक्षाच्या घरातच वदवून घेतले गेले.

येथे कोणी म्हणेल की संपादक इंग्रजांचे गुण गात आहेत. तसे मुळीच नाही. ज्या इंग्लंडाने स्वतःच्या घरी मतपेटीवर शिक्का मारला, त्याच इंग्लंडाने १८९२ च्या कौन्सिल कायद्यात आमच्यासाठी 'निवडणूक' हा शब्द घालण्याचेही टाळले. आमच्या संस्थांनी नावे सुचवावयाची आणि सरकारने ती नेमावयाची! टिळक १८९५ मध्ये व गोखले १८९९ मध्ये मुंबईच्या कौन्सिलात गेले ते याच अरुंद दारातून. आणि आमचा मराठवाडा तर निजामाच्या राज्यात; येथे ते दारही नव्हते. जबाबदार राज्यपद्धती मागण्यासाठी हैदराबाद स्टेट काँग्रेस निघणार, तोच १९३८ मध्ये तिच्यावर बंदी आली. सत्याग्रह झाले, तुरुंग भरले, आणि १७ सप्टेंबर १९४८ नंतर हा प्रदेश मोकळा झाला. पुढे १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत येथील कुणब्याने, मजुराने आणि त्यांच्या घरच्या स्त्रियांनी एकाच दिवशी मत मिळविले. इंग्लंडात १८८४ च्या सुधारणेनंतरही दहांपैकी सुमारे चार पुरुष यादीबाहेर होते व स्त्रिया तर सर्वच. जे त्यांना टप्प्याटप्प्याने शंभर वर्षांत मिळाले ते आम्ही एका घटनेने दिले. ज्या स्वामी रामानंद तीर्थांनी या लढ्याचे नेतृत्व केले, त्यांना १९५७ मध्ये औरंगाबादच्या मतदारांनी लोकसभेत पाठविले. इतक्या मोलाने आलेली वस्तू आज कोणत्या भावाने जाते, याचे उत्तर वाचकांनी मनातल्या मनात द्यावे.

कायदा आमच्याकडे नाही असे नाही. १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा खर्चाचा हिशेब मागतो, निकालानंतर तीस दिवसांत तो सादर करावयास लावतो, आणि लाच देणे तसेच घेणे ही दोन्ही भ्रष्ट कृत्ये मानतो. भारतीय न्यायसंहितेतही लाच घेणारा मतदार देणाऱ्याइतकाच अपराधी आहे. मग फट कोठे आहे? उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे, पक्षाच्या खर्चाला नाही. हिशेबाची वही स्वच्छ राहते आणि रात्रीचा व्यवहार वहीत येत नाही. तो व्यवहार ज्याच्या पैशाने होतो तो बहुधा उमेदवार नसतो. तो कंत्राट, भूखंड वा परवाना यांवर डोळा ठेवणारा धनिक असतो. त्याच्या दृष्टीने ती देणगी नसून आगाऊ रक्कम आहे, आणि आगाऊ रक्कम कोण सोडतो? ती रस्त्याच्या खडीतून, शाळेच्या भिंतीतून आणि पाण्याच्या नळातून व्याजासह वसूल होते.

गरीब मतदाराची बाजू आम्ही जाणतो. तो म्हणतो, 'पाच वर्षे कोणी फिरकत नाही. निवडणुकीच्या आदल्या रात्री चार नोटा येतात, तेवढेच आमच्या पदरात पडते.' या बोलण्यातील दुःख खरे आहे, पण हिशेब चुकीचा आहे. नोट घेतल्यावर पाच वर्षे जाब विचारण्याचे तोंड राहत नाही. 'तुझा हिशेब चुकता केला' असे निवडून आलेला मनुष्य मनात म्हणतो. म्हणून नोट घेणाऱ्यापेक्षा ती पुरविणाऱ्यावर आमचा रोष अधिक आहे. पहिल्याला पोटाची सबब आहे, दुसऱ्याला तीही नाही.

आता शेंद्र्याकडे वळू. जालना रस्त्यावरील हे गाव आज औद्योगिक वसाहतीचे नाव झाले आहे. कारखान्यांत काम करणारे हजारो कामगार आसपासच्या गावांत व शहराच्या कडेला भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्यांपैकी अनेकांचे नाव दूरच्या गावच्या यादीत. मतदानाच्या दिवशी गावी जाणे परवडत नाही आणि येथे मत नाही. जेथे ते राहतात तेथील गटार, दिवा, पाणी यांवर त्यांचा शब्द चालत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या लंडनमधील भाडेकरू कारागिराची हीच अवस्था होती. मात्र त्याच्यापुढे वर्षभराच्या वास्तव्याची अट होती. आमच्या कामगारापुढे तशी भिंत नाही. सामान्यतः जेथे राहतो तेथे त्याला नाव नोंदविता येते, आणि नव्या मतदाराच्या वयाची गणना आता वर्षातून चार तारखांना होते. अडथळा कायद्याचा नसून आळसाचा आणि घरमालकाच्या अनिच्छेचा आहे.

म्हणून आमचे सांगणे व्यापारी, कारखानदार व घरमालक या वाचकांस आहे. भाडेकरूला वास्तव्याचा पुरावा देताना हात आखडू नका. लोकसभा व विधानसभेच्या मतदानाची भरपगारी सुट्टी कायद्याने द्यावयाची आहे. ती उपकार म्हणून नव्हे, देणे म्हणून द्या. आणि उमेदवारास द्यावयाचे ते धनादेशाने, पावती घेऊन, वहीत लिहून द्या. जे वहीत लिहिता येत नाही ते देऊच नका. इंग्लंडात निवडणूक शुद्ध झाली ती केवळ कायद्याच्या कलमांनी नाही. लाच देणारा मनुष्य प्रतिष्ठितांच्या पंक्तीत बसेनासा झाला तेव्हा झाली. ती पंक्ती आमच्याही हातात आहे. दादाभाईंना सारा मतदारसंघ जिंकावा लागला नाही. पाच माणसे पुरली. शेंद्र्यात तशी पाच माणसे नसतील असे आम्ही मानावयास तयार नाही.