'कन्यादान'मधील ज्योतीचे मोठे होणे

विजय तेंडुलकरांचे 'कन्यादान' (१९८३) शिकवताना ज्योतीला एक तर 'त्यागमूर्ती' ठरवले जाते, नाही तर 'बळी'. रायगडच्या किनाऱ्यावर मराठी शिकवणाऱ्या आम्हांला हे दोन्ही शिक्के अपुरे वाटतात.

अरुण आठवले या दलित कवीशी लग्न करण्याचा तिचा निर्णय धाडसी म्हणून वाखाणला जातो. वस्तुतः त्या क्षणी ती आज्ञाधारक लेक आहे. समाजवादी आमदार नाथ देवळालीकरांनी घरात जे वर्षानुवर्षे मांडले तेच ती आचरते. अरुणला तर ती जेमतेम ओळखते. मार खाऊन ती पुन्हा त्याच्याकडे जाते, त्यातही आम्हांला वाढ दिसत नाही. ती दिसते अखेरच्या प्रवेशात. अरुणच्या आत्मकथनाची नाथांनी मनाविरुद्ध जाहीर स्तुती केलेली असते, लेकीचा छळ वाढू नये एवढ्याचसाठी. गर्भार ज्योती ते खोटेपण नेमके ओळखते आणि बापाला जाब विचारते. माणसातला कवी आणि पशू वेगळे काढता येत नाहीत, हे तिला संसाराने शिकवले आहे.

येथे आम्हांला महाड आठवते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली संमत झाला. महाड नगरपालिकेनेही पुढे तसाच ठराव केला. तळे बंदच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांसह लोक चवदार तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा डोकी फुटली ती त्यांची, ठराव करणाऱ्यांची नव्हे. नाथही ठरावांतलेच गृहस्थ (विधान परिषदेचेच सभासद!), आणि किंमत मोजते ज्योती.

तुलना येथवर जुळते. पुढे मात्र अडखळते, आणि आमचा नाटकाशी वाद आहे तो इथेच. महाडची माणसे स्वतःच्या हक्कासाठी चालत गेली होती. अरुण मात्र नाथांच्या प्रयोगाचा विषय म्हणूनच रंगमंचावर येतो. त्याला बदलण्याची वाट तेंडुलकर देत नाहीत, म्हणून वाढण्याचा सगळा भार एकट्या ज्योतीवर पडतो. ती स्वतःला आठवल्यांची म्हणवते, माहेर तोडते. पण ज्या शिकवणुकीवर ठपका ठेवते, तिच्याच बळावर ती नवऱ्याकडे परतते. म्हणजे बापाला नाकारतानाही ती त्याचीच विद्यार्थिनी.

आणि सेवा? दोन घरांच्या संस्कारांतले अंतर तिने आरंभीच बोलून दाखवले होते. अखेरचा हिशेब मात्र ज्योती बापाशी मांडते, आईशी नाही.