खुर्चीपर्यंतचा जिना

१ ऑगस्ट २०२४ रोजी लेफ्टनंट जनरल साधना सक्सेना नायर भूदलाच्या वैद्यकीय सेवेच्या महासंचालक झाल्या. या पदावरची पहिली बाई. दोन महिन्यांनी आरती सरीन तिन्ही दलांच्या वैद्यकीय सेवेच्या प्रमुख झाल्या. दोघीही पुण्याच्या एएफएमसीत शिकलेल्या. आनंद वाटलाच!

पण मैत्रिणींनो, उशीर मोजायला नको? इतर शाखांनी बायकांना अधिकारी म्हणून घेतले ते १९९२ पासून; डॉक्टर स्त्रिया त्याआधी कित्येक दशके लष्करात होत्या. आजाऱ्याची सेवा हे ‘बायकांचेच काम’, म्हणून हे दार लवकर उघडले. इस्पितळे, डॉक्टरांच्या नेमणुका, औषधांचा साठा यांवर अधिकार चालवणारी खुर्ची मात्र पुरुषांकडेच राहिली.

आणि परिचारिका? त्या तर १८८८ पासून आहेत. देशातल्या पहिल्या स्त्री मेजर जनरल, गर्ट्रूड ॲलिस राम, १९७६ साली झाल्या, त्या डॉक्टर नव्हत्या, परिचारिका होत्या. परिचारिकांचा जिना आजही त्याच पायरीवर संपतो. जखमींच्या रात्रपाळ्या करणारीला महासंचालकपद नाही, ते डॉक्टरांचे. अभिनंदनाचे लेख लिहिताना आपण तरी तिची आठवण कुठे काढतो?