पाण्यात सोडले म्हणजे पुण्य झाले?

गेल्या ज्येष्ठात माझ्या एका शिष्याचे वडील काचेचे गोल भांडे घेऊन दारात उभे राहिले. आत निळसर रंगाचा, बोटभर लांबीचा क्रेफिश होता. "मास्तर, मुलगा शिकायला बाहेरगावी निघाला. याला आता कोण सांभाळणार? म्हटले, सुरसागरात सोडून द्यावा. जीवही वाचेल, पुण्यही लागेल." मी भांडे त्यांच्या हातून काढून घेतले. त्या पुण्याविषयी चार शब्द लिहिणे मला अगत्याचे वाटते.

क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातली लहानशी शेवंड. आपल्या नद्यांत खेकडे आहेत, कोळंबी आहे. हा प्राणी मात्र मूळचा इथला नव्हे. शौकिनांच्या टाक्यांत दिसणाऱ्या जातींपैकी एक उत्तर ऑस्ट्रेलियाकडची, दुसरी अमेरिकेच्या दक्षिण भागातली. पाहुणा घरी आणला, की त्याची बडदास्त ठेवणे आलेच.

ती सोपी नाही. एका क्रेफिशला निदान २ फूट लांबीची टाकी हवी, आणि तीत तो एकटाच बरा. शेजारच्या माशांना तो रात्री नांगीत धरतो. त्याच्या विष्ठेतून अमोनिया सुटतो. तो पचवणारे जिवाणू नव्या फिल्टरमध्ये वसायला ४ ते ६ आठवडे लागतात. मला तेवढी सवड नव्हती, म्हणून शेजाऱ्यांच्या जुन्या टाकीतला स्पंज मागून आणला. आईने कौतुकाने तांब्याच्या कळशीतले पाणी ओतायला घेतले, तेव्हा मी तिचा हात धरला. आपण शुद्ध मानतो ते तांबे या जातीच्या जिवांना विष आहे. लपायला मातीची फुटकी कुंडी पुरते. झाकण मात्र घट्ट हवे, कारण हवेच्या नळीवरून चढून तो बाहेर पडतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाणी तापले की त्यातला प्राणवायू घटतो, म्हणून टाकी उन्हापासून दूर ठेवावी आणि हवेचा पंप चालू ठेवावा.

वाढताना तो जुने कवच टाकतो. नवे कवच टणक होईपर्यंत तो मऊ, भित्रा होऊन कुंडीत दडतो. त्या वेळी त्याला डिवचू नये आणि टाकलेले कवचही उचलू नये. त्यातला चुना तो खाऊन परत मिळवतो. मुलाचा कंठ फुटू लागला की शहाणा गुरू त्याला तारसप्तकात ओढीत नाही, थांबतो. तेच येथेही.

आता सोडण्याविषयी. जपानात १९२७ साली बेडकांचे खाद्य म्हणून अमेरिकेतून लाल क्रेफिश आणला गेला. तो देशभर पसरला. २०२३ साली तिथल्या सरकारने त्याची विक्री आणि त्याला मोकळ्या पाण्यात सोडणे, दोन्हींवर बंदी घातली. घरी पाळायला मात्र मुभा ठेवली. "एकच तर आहे, एकाने काय होते?" असे कोणी म्हणेल. १९९०च्या दशकात जर्मनीतल्या टाक्यांत आढळलेल्या संगमरवरी क्रेफिशच्या साऱ्याच माद्या. नरावाचून एकटीच शेकडो अंडी घालते. मादागास्करच्या भातखाचरांत ती जात आज पसरली आहे.

आपले पाणीही कुंपण मानीत नाही. ऑगस्ट २०२४च्या पुरात विश्वामित्रीच्या मगरी वस्त्यांत शिरल्या, हे बडोदेकर विसरले नसतील. आज तळ्यात टाकलेला जीव उद्या अशाच पुरात नदीत जाईल. तिथल्या कोळंबीचे, खेकड्यांचे, माशांच्या अंड्यांचे काय होईल याचा हिशेब आपल्या पुण्याच्या वहीत कुठे लिहिलेला असतो?

सांभाळणे जमत नसेल तर दुसऱ्या जाणत्या माणसाला द्यावा, दुकानदाराला परत करावा. तेही होणार नसेल तर मुळात आणू नये. मुलाच्या हौसेला होकार देताना आईबापांनी पुढच्या २-४ वर्षांचा विचार करावा, एवढेच माझे मागणे. दया म्हणजे आपल्या दारातून ओझे हलवणे नव्हे.

तो क्रेफिश आता माझ्या रियाजाच्या खोलीत असतो. श्रावणात त्याने कवच टाकले. आठवडाभर मी त्या कोपऱ्याकडे गेलो नाही.