घरगुती यंत्रविद्या : मोटारीची बारीक गळती

‘थेंबें थेंबें तळें सांचे’ ही म्हण आपण मुलांस काटकसर शिकवितांना सांगतों. तळें आटतें तेंहि थेंबाथेंबानेंच, ही तिची दुसरी बाजू मात्र सहसा कोणी सांगत नाहीं. मोटारीच्या इंजिनास थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या बाबतींत ही दुसरी बाजूच ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

महाड-पोलादपूरकडील घरांतून गणपतीस व मे महिन्यांत मुंबई-पुण्याचीं मुलें-नातवंडें मोटारी घेऊन येतात. अलीकडे त्यांत एखादी ठेंगणी, दोन आसनांची स्पोर्ट्स कारहि असते. हा मुलूख अशा गाडीची परीक्षा पाहणारा आहे. पोलादपूर समुद्रसपाटीपासून फारसें उंच नाहीं. तेथून आंबेनळी घाटानें सुमारें ४० किलोमीटर गेलें कीं महाबळेश्वर लागतें, आणि त्याची उंची सुमारें १३५० मीटर आहे. महाडहून वरंध घाटानें भोरकडे निघालें तरी चढ चुकत नाहीं. वेग मंद, गिअर खालचा, इंजिनावर भार मोठा आणि समोरून वारा थोडा, अशा स्थितींत सपाट रस्त्यावर महिनोन्‌महिने न दिसलेली गळती अर्ध्या तासांत डोकें वर काढते.

प्रथम यंत्राची रचना समजून घेऊं. इंजिनाभोंवतीं जें पाणी फिरतें तें नुसतें पाणी नसून त्यांत सामान्यतः निम्में ग्लायकॉल व गंज रोखणारीं द्रव्यें मिसळलेलीं असतात. यासच कूलंट म्हणतात. कोंकणांत पाणी गोठण्याचें भय नाहीं, मग हें द्रव्य कशास, असें कोणी विचारील. उत्तर असें कीं, त्यामुळें उकळण्याची मर्यादा वाढते व धातूस गंज चढत नाहीं. शिवाय टांकीचें झांकण हवाबंद असून तें आंत दाब टिकवितें. साधें पाणी पोलादपुरास जवळजवळ १०० अंशांस उकळतें, तें महाबळेश्वरास ९५-९६ अंशांसच उकळूं लागतें. दाबाखालीं मात्र हीच मर्यादा १२० अंशांच्या आसपास नेतां येते. म्हणजे बारीक छिद्रांतून केवळ चार थेंब जात नाहींत, त्यांजबरोबर दाबहि जातो. आणि दाब गेला कीं उरलेलें पाणीहि लौकर उकळतें.

आमच्या एका पोलादपूरकर स्नेह्यांच्या घरीं गेल्या उन्हाळ्यांत असाच प्रसंग आला. पुतण्याच्या गाडींतील टांकीची पातळी महाबळेश्वरची खेप झाली कीं दोन बोटें उतरे. परंतु अंगणांत थेंब म्हणून दिसेना. दुसऱ्या दिवशीं आजींस प्रतापगडीं भवानीच्या दर्शनास न्यावयाचें होतें. आजोबा म्हणाले, “पाणी घाला आणि निघा. आमच्या वेळीं प्रत्येक घाटांत गाडीस पाणी पाजावें लागे.” पुतण्या म्हणाला, “आबा, इंजिनच गेलेंसें दिसतें. गाडी उचलून पुण्यास न्यावी लागेल.” दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य होतें, परंतु निदान कोणींच केलें नव्हतें. जुन्या गाड्यांचें ओतीव लोखंडी इंजिन असली हेळसांड पुष्कळ सोसे. आजच्या इंजिनाचें डोकें ॲल्युमिनियमचें असतें. तें अति तापून एकदां वांकलें कीं दोन बोटें पाण्याची बाब इंजिन उघडण्यापर्यंत जाते.

जमिनीवर थेंब न दिसण्याचें कारण सोपें आहे. ठेंगण्या गाडीच्या पोटाखालीं झांकणाचे पत्रे असतात, त्यांतच पाणी सांचतें. कांहीं थेंब तापलेल्या नळीवर पडून वाफ होऊन जातात. उलट पावसाळी हवेंत गाडीखालीं दिसणारें थारोळें पुष्कळदां वातानुकूलन यंत्राचें निर्मळ पाणी असतें. त्यास रंग नसतो, वास नसतो व तें बोटास बुळबुळीत लागत नाहीं. कूलंट रंगीत असून त्यास गोडसर वास येतो. चव घेऊन पाहण्याची खोड मात्र कोणीं करूं नये. तें विष आहे.

शोध गाडी पूर्ण थंड असतांना, सकाळीं, विजेरी घेऊन करावा. नळ्यांचे सांधे, रेडिएटरच्या कडा, टांकीची शिवण व झांकणाचें रबर पाहावें. जेथें पाणी झिरपून वाळलें असेल तेथें पांढरट, हिरवी अथवा गुलाबी खपली धरलेली आढळते. वॉटर पंपाखालीं एक मुद्दाम ठेवलेलें बारीक छिद्र असतें. तेथें ओघळ दिसल्यास पंपाचें सील झिजलें असें समजावें. एवढ्यानें उलगडा न झाल्यास मिस्त्रीकडून दाबाची चांचणी करून घ्यावी. टांकीस हातपंप लावून झांकणावर लिहिलेल्या आंकड्याइतकाच दाब देतात व दहा-पंधरा मिनिटें कांटा पाहतात. कांटा उतरला तर गळती आहे. बाहेर कोठेंच ओल नसून पाणी कमी होत असेल, तेलास ताकासारखा रंग आला असेल, किंवा टांकींत एकसारखे बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केटचा संशय धरावा व गाडी चालवूं नये.

आमच्या स्नेह्यांच्या गाडींत खपली सांपडली ती वरच्या रबरी नळीच्या क्लिपखालीं. क्लिप ढिली पडली होती. थंड असतां सांधा कोरडा आणि घाटांत दाब चढला कीं ओला. नळी काढून तोटीवरची खपली बारीक पॉलिश-कागदानें साफ केली, रबरास चीर नाहीं हें पाहिलें व नवी क्लिप तोटीच्या उंचवट्याच्या मागें बसविली. क्लिप अति आंवळूं नये. तोटी प्लॅस्टिकची असल्यास फुटते. नंतर गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलेल्या जातीचेंच कूलंट डिस्टिल्ड पाण्यांत मिसळून भरलें. केवळ रंग जुळला म्हणून जात जुळते असें नाहीं. विहिरीच्या पाण्यांतील क्षार आंत थर धरतात, म्हणून तें अडचणीपुरतेंच वापरावें. शेवटीं हीटर पूर्ण उघडा ठेवून, पुस्तिकेच्या क्रमानें, आंत अडकलेली हवा काढली. ही हवा राहिल्यास तापमानाचा कांटाहि फसवितो. त्याच्या टोंकाशीं पाणीच नसेल तर तो थंडपणाच दाखवील. आजींचें दर्शन एक दिवस लांबलें खरें, परंतु त्या निर्धास्तपणें गेल्या व आल्या.

घाटांतच कांटा चढूं लागला तर वातानुकूलन बंद करून हीटर पूर्ण सोडावा, म्हणजे इंजिनाची थोडी उष्णता बाहेर पडते. वळणावर न थांबतां रुंद जागा गांठून इंजिन बंद करावें. झांकणास लगेच हात लावूं नये. दाब एकदम सुटून उकळतें पाणी तोंडावर उडतें व माणूस भाजतो. वरची नळी हातास सोसवेल इतकी निवेपर्यंत, मग तास गेला तरी, वाट पाहावी. तापल्या इंजिनांत गार पाणी ओतूं नये. धातूस तडा जातो.

एक गोष्ट घरांतील वडीलधाऱ्यांसाठीं. काढलेलें जुनें कूलंट अंगणांत किंवा गोठ्याजवळ ओतूं देऊं नका. तें गोड असल्यानें कुत्रें व मूल दोघेंहि त्यास भुलतात, आणि थोड्या मात्रेनेंहि मूत्रपिंडें निकामी होतात. तें बंद डब्यांत भरून, डब्यावर नांव घालून गॅरेजवाल्याकडे द्यावें, आणि उरलेली नवी बाटली औषधांच्या कपाटाप्रमाणेंच मुलांचा हात पोंचणार नाहीं अशा ठिकाणीं कुलुपांत ठेवावी.