नदी दिसली म्हणून उतरू नका

शिकायला परदेशी निघालेल्या मुलामुलींना घरचे काय काय बजावतात! पासपोर्ट जपा, रात्री एकटं फिरू नका, ओटीपी कुणाला देऊ नका. सगळं बरोबर आहे. पण त्या सूचनांत पाण्याचं नाव बहुधा नसतं. ते असायला हवं.

जून २०२४ मध्ये चार भारतीय वैद्यकीय विद्यार्थी रशियातल्या वेलिकी नोवगोरोद शहरात वोल्खोव नदीत बुडाले. एकजण अडचणीत आल्यावर बाकीचे वाचवायला धावले, असं तेव्हा बातम्यांत आलं होतं. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये स्कॉटलंडमधल्या एका धबधब्यापाशी फिरायला गेलेले दोन भारतीय विद्यार्थी असेच गेले.

जून म्हणजे तिकडचा उन्हाळा. अंगावर छान ऊन असतं, काठावर गवतात लोक पहुडलेले असतात, आणि पाणीही कोमट असेल असं वाटतं. ते नसतं. हवा लवकर तापते, पाणी तापायला फार वेळ घेतं. ब्रिटनभोवतालच्या समुद्राचं सरासरी तापमान १२ अंशांच्या आसपास असतं. पंधरा अंशांखालच्या पाण्यात अचानक पडलं की माणूस धाप लागल्यासारखा जोरात श्वास ओढतो. आपण ठरवून तो थांबवू शकत नाही. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी थेट छातीत जातं. त्यातून वाचलात तरी काही मिनिटांत हातपाय गारठून कामातून जातात.

म्हणून मला जास्त काळजी वाटते ती चांगलं पोहणाऱ्यांची. पाठीला डबा बांधून गावच्या विहिरीत शिकलेल्या मुलाला आपल्या दमावर भरवसा असतो, आणि आपल्याकडच्या पाण्यात तो खराही असतो. विहिरीच्या पायऱ्या, कपारी, खोली त्याला पाठ असते. परक्या नदीचं त्याला काहीच ठाऊक नसतं, आणि वरून संथ दिसणाऱ्या पाण्याखाली ओढ असू शकते. न पोहणारा निदान घाबरून काठावर थांबतो. (फोटोसाठी ओल्या दगडावर चढणारे सोडून.)

तेव्हा जिथे जीवरक्षक असतात तिथेच उतरा. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यांवर लाल-पिवळे झेंडे लावतात, त्या दोन झेंड्यांच्या मधे राहा. दारू पिऊन पाण्याजवळ जाऊ नका. हिवाळ्यात तळं गोठलेलं दिसलं म्हणून त्यावर चालू नका.

चुकून पडलातच, तर पोहायची धडपड आधी करू नका. ब्रिटनमधली आरएनएलआय ही समुद्रात जीव वाचवणारी संस्था सांगते की उताणे व्हा, मान मागे टाका, कान पाण्यात बुडू द्या, हात हलकेच हलवत तरंगत राहा. थंडीचा पहिला तडाखा मिनिटा-दीड मिनिटात ओसरतो. श्वास ताब्यात आला की मग हाक मारा, किंवा काठ जवळ असेल तर तिकडे निघा.

मित्र बुडताना दिसला तर काय करायचं, हे सगळ्यात अवघड आहे. उडी मारू नका. मैत्रीत हे ऐकायला निष्ठुर वाटेल, पण बुडणारा माणूस हाताला लागेल त्याला मिठी मारतो आणि एकाच्या जागी दोघे जातात. आधी फोन करा. युरोपात आणि रशियात ११२, ब्रिटनमध्ये ९९९, अमेरिका-कॅनडात ९११, ऑस्ट्रेलियात ०००. ब्रिटनमध्ये समुद्रावर असाल तर तटरक्षक दल मागा, नदी-तळ्यापाशी अग्निशमन दल. फोन होताच मित्राला ओरडून सांगा, ‘उताणा हो, तरंगत राहा.’ अशा ठिकाणी काठावर बऱ्याचदा खांबाला जीवरक्षक चक्र टांगलेलं असतं, ते फेका. ते नसेल तर दोर, ओढणी, लांब फांदी, जे सापडेल ते. पुढे करताना स्वतः पालथे झोपा, म्हणजे तुम्ही ओढले जाणार नाही.

व्हिसा येईपर्यंत हातात बहुधा थोडे दिवस असतात. पोहता येत नसेल तर गावातल्या किंवा शहरातल्या तरणतलावावर नाव घाला. नुसतं उताणं तरंगायला शिकलात तरी पुष्कळ झालं. तिकडे पोचल्यावर पुढचं शिकता येईल. बऱ्याच विद्यापीठांत तरणतलाव असतो आणि विद्यार्थ्यांना फीही कमी पडते. आणि आईबाबांनो, ‘जेवलास का’ विचारून झालं की रविवारी कुठे फिरायला चाललात, तेही विचारत जा.